मधुमेहाचं वय किती?

दादर स्टेशनचा जिना चढताना माझी मावसबहीण मध्येच थांबते, पर्समधून फोन काढते आणि मेसेज आल्यासारखं करते. मेसेज आलेला नसतो, धाप लागलेली असते. वय ५१, उंची पाच फूट दोन इंच, वजन ९८ किलो. नऊ वर्षं मधुमेह, गोळ्या वाढत गेल्या आणि आता रात्रीचं इन्सुलिनही आलं. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी वजन आणि साखर उतरवण्यासाठी ‘पोटाचं ऑपरेशन’ हा शब्द उच्चारला आणि घरात दोन तट पडले. मामांचं ठाम मत : "भात सोड, शिवाजी पार्कला चार फेऱ्या मार. चांगलं पोट कापायचं कशाला?"

भात तिने आजवर तीनदा सोडलाय. दरवेळी आठ-दहा किलो उतरले आणि वर्षभरात व्याजासकट परतले. यात तिच्या जिभेचा दोष किती? २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी ५० लोकांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलं. वजन उतरलं. पण वर्ष उलटल्यावरही त्यांच्या रक्तात घ्रेलिन, म्हणजे भूक चेतवणारं संप्रेरक, सुरुवातीपेक्षा जास्तच होतं. शरीराच्या लेखी तो दुष्काळ होता आणि दुष्काळात शरीर भूक वाढवतं, ऊर्जेचा खर्च आवरतं. ‘चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो’ हे घरोघरी ऐकू येणारं कारणही फारसं टिकत नाही. २०२१ मध्ये सहा हजारांहून अधिक लोकांच्या मोजमापांतून दिसलं, की शरीराच्या आकारमानाचा हिशोब धरला तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास सारखाच राहतो.

आता ऑपरेशनकडे येऊ. बहुतेकांच्या डोक्यात चित्र असं, की पिशवी लहान केली, माणूस कमी जेवला, वजन उतरलं. हे अर्धंच खरं आहे. जठर ही नुसती पिशवी नाही, ती ग्रंथीही आहे. घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात, केळ्याएवढी नळी उरते आणि तो फुगीर भागही जातो. ‘बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. मग अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं आणि जीएलपी-१ हे संप्रेरक भरभरून स्रवतं. ते मेंदूला ‘पुरे’ सांगतं आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. म्हणूनच अनेकांची साखर वजन नीट उतरायच्या आधीच, काही दिवसांत, खाली येते.

मात्र ती खाली येऊन तिथेच राहील का, हे स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी किती उरल्यात यावर ठरतं. मधुमेह जितका जुना, तितक्या या पेशी थकलेल्या. स्वीडनमध्ये १९८७ पासून चालू असलेल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेहींचा आजार मागे हटलेला होता. दहा वर्षांनी हाच आकडा ३६ टक्के. मधुमेह नुकता लागलेल्यांना फायदा सर्वाधिक. म्हणजे बहिणीचं ५१ हे वय मला तितकंसं सतावत नाही, तिच्या मधुमेहाचं नऊ हे वय सतावतं. आपल्याकडे उलट चालतं. ऑपरेशन हा ‘अगदी शेवटचा उपाय’ म्हणून पुढे ढकलत जातो आणि शेवटी जातो तेव्हा पेशी संपत आलेल्या असतात.

ऑपरेशन कुणाला सुचवायचं हे ठरवणाऱ्या बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) रेषाही आपल्यासाठी वेगळ्या आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत सर्वसाधारणपणे बीएमआय ३५ पासून ऑपरेशन सुचवलंय, पण आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार करावा असं म्हटलंय. विम्याचं गणित मात्र निराळं : तिथे साधारण ४०, किंवा ३५ सोबत अनियंत्रित मधुमेहासारखा गंभीर आजार. बहिणीचा भरतो साडेएकोणचाळीस, तेव्हा तिची साखर आटोक्यात नसल्याची कागदपत्रंच तिच्या कामी येणार.

मामांची भीती अगदीच निराधार नाही. टाक्यांच्या रेषेतून गळती, रक्तस्राव हे धोके थोडे असले तरी खरे आहेत. स्लीव्हनंतर छातीतली जळजळ वाढू शकते, वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, काही महिने केस मूठभर गळतात. पन्नाशीतल्या बाईने हाडांची काळजी वेगळी घ्यायला हवी. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर; शाकाहाऱ्यांत बी-१२ मुळातच कमी, त्यामुळे तिथे सूट नाही. ताटातही उलथापालथ होते. आधी प्रथिनं, रोज निदान ६० ग्रॅम, म्हणजे अंडं, मासे, पनीर, उसळ. भाताची पाळी शेवटी, ती आली तर. जेवताना पाणी नाही. बायपासनंतर गोड भरभर खाल्लं तर घाम, धडधड, चक्कर.

"मोदक?" बहिणीचा पहिला प्रश्न हाच होता. अर्धा, सावकाश, जेवणानंतर.

दुसरा प्रश्न आठवड्यातून एकदा घ्यायच्या, वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचा. मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी त्याबद्दल कुजबुजतं. त्यातलं टिर्झेपटाइड जास्तीत जास्त मात्रेत ७२ आठवड्यांत मधुमेह नसलेल्यांचं सरासरी वीस टक्के वजन उतरवतं (मधुमेहींचं त्याहून कमी), हे ऑपरेशनच्या जवळ जाणारं आहे. पण याच जातकुळीतलं सेमाग्लूटाइड बंद केलं, तर उतरलेल्या वजनाचे दोन तृतीयांश वर्षभरात परत येतात, असं अभ्यासात दिसलंय. औषध चालू ठेवायची तयारी आणि ऐपत हवी. ऑपरेशननंतरही काही किलो परततात, पण सगळे नाही.

कुठल्या बाजूने झुकायचं, हे सांगायला आकडे पुरत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी आधी सी-पेप्टाइडची रक्ततपासणी सांगितलीय. स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवतंय याचा अंदाज त्यातून येतो. सोमवारी सकाळी ती उपाशीपोटी परळला जाणार आहे. मामा सोबत येतो म्हणालेत.