आठ पानांची झुंज : बर्नार्ड क्रिगस्टीन यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

मार्च-एप्रिल १९५५ अशी तारीख असलेला ‘इम्पॅक्ट’ या अमेरिकी कॉमिक्सचा पहिला अंक दहा सेंटला मिळत होता आणि त्यात ‘मास्टर रेस’ नावाची आठ पानांची एक कथा होती. कार्ल रायसमन नावाचा, अंगाने खचलेला आणि मनाने धास्तावलेला एक माणूस न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या जिन्याने खाली उतरतो, गाडीत बसतो, आणि पुढच्या एका स्थानकावर काळ्या कपड्यांतला एक माणूस त्याच डब्यात चढतो. त्याला पाहताच रायसमनला जर्मनीतले दिवस आठवू लागतात : नाझींचा उदय, पुस्तकांच्या होळ्या, बेल्सेनची छळछावणी. छळछावणीतून जिवंत सुटलेल्या एका अभाग्याची ही गोष्ट आहे अशीच वाचकाची समजूत होत जाते, आणि अखेरीस कळते की रायसमन हा त्या छावणीचा प्रमुख होता. पळताना तो फलाटाच्या कडेवरून घसरतो आणि येणाऱ्या गाडीखाली सापडतो.

शेवटाला कलाटणी देणाऱ्या कथा त्या काळी दर महिन्याला डझनांनी छापल्या जात आणि कथानकापुरते बोलायचे तर ही त्यांतलीच एक म्हणता येईल. तिला वेगळी करतात त्या चौकटी. एरवी ज्या घटनेला चित्रकाराने एक चौकट दिली असती तिथे येथे उभ्या, चिंचोळ्या चौकटींची रांग लागते. हात हवेत फेकत तोल सावरू पाहणारा माणूस एकेका क्षणाच्या अंतराने पुनःपुन्हा दिसतो आणि दर वेळी थोडा अधिक कललेला असतो. गाडी समोरून धडधडत जाते तेव्हा खिडकीतले प्रवाशांचे चेहरे एकाशेजारी एक असे अनेकदा उमटतात, जणू डोळ्यांवर राहिलेली त्यांची प्रतिमा पुसली जाण्याआधीच पुढची येऊन बसते. वेग दाखवण्यासाठी चित्राच्या मागे रेघा ओढण्याची सोपी रीत सर्वांना ठाऊक होती. या चित्रकाराने तिच्यावर न थांबता वेळेचेच तुकडे केले आणि ते कागदावर ओळीने मांडले. त्याचे नाव बर्नार्ड क्रिगस्टीन. ही आठ पाने त्याला सहजासहजी मिळाली नव्हती, आणि ती का मिळाली नव्हती हे समजून घ्यायचे तर त्या धंद्याची रीत आधी पाहावी लागते.

अमेरिकेतील कॉमिक्सचा व्यवसाय १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभा राहिला तो कारखान्याच्या धर्तीवर. एकाने गोष्ट लिहायची, दुसऱ्याने पेन्सिलीने रेखाटायची, तिसऱ्याने शाई फिरवायची, चौथ्याने अक्षरे काढायची. मोबदला पानागणिक ठरलेला असे. अंक किती खपला याचा चित्रकाराच्या कमाईशी संबंध नसे, पुनर्मुद्रणाचे पैसे मिळत नसत, आणि मूळ चित्रे प्रकाशकाच्या मालकीची समजली जात. पुष्कळ ठिकाणी चित्रकाराचे नावही छापले जात नसे. अशा व्यवस्थेत जो भराभर पाने उरकतो तो टिकतो. एका पानावर आठवडा घालवणारा माणूस स्वतःच्याच खिशाला चाट लावून घेतो.

क्रिगस्टीन यांचा जन्म २२ मार्च १९१९ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात एका ज्यू कुटुंबात झाला. ब्रुकलिन कॉलेजात त्यांनी कलेचे शिक्षण घेतले आणि त्यांचा सगळा ओढा रंगचित्रकलेकडे होता. १९४३ च्या सुमारास ते कॉमिक्सकडे वळले ते पोटासाठी. मध्ये लष्करातील सेवेमुळे खंड पडला. युद्ध संपल्यावर ते परत आले आणि ‘कॅप्टन मार्व्हल’मुळे नावारूपाला आलेल्या फॉसेट कंपनीसाठी ‘गोल्डन ॲरो’ आणि ‘न्योका द जंगल गर्ल’ यांसारख्या मालिका काढू लागले. सुरुवातीला या कामाबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता. तो पुढे काम करता करता निर्माण झाला, आणि एकदा निर्माण झाल्यावर इतका पक्का झाला की कॉमिक्सला गंभीर कला मानणारा एवढा हट्टी माणूस त्या पिढीत दुसरा सापडणे अवघड आहे. हिलमन, झिफ-डेव्हिस, ॲटलस, डीसी अशा अनेक प्रकाशकांसाठी त्यांनी युद्धकथा, गुन्हेकथा, अंतराळकथा काढल्या.

कलेबद्दलचा हा आदर त्यांना थेट हक्काच्या प्रश्नाकडे घेऊन गेला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काही सहकाऱ्यांसह त्यांनी ‘सोसायटी ऑफ कॉमिक बुक इलस्ट्रेटर्स’ ही चित्रकारांची संघटना उभी करण्याचा प्रयत्न केला आणि तिचे अध्यक्षपद स्वीकारले. पानाचा किमान दर ठरावा, चित्रकाराला कामावर काही अधिकार असावा, अशा तिच्या मागण्या होत्या. पण चित्रकार घरी बसून काम करणारे आणि एकमेकांपासून विखुरलेले होते, उद्याचे काम मिळेल की नाही या धास्तीत जगत होते, आणि एकाने नकार दिला तर त्याच दरात काम करायला दुसरा तयार असे. संघटना फार काळ तग धरू शकली नाही. तिचा अध्यक्ष मात्र मोठ्या प्रकाशकांच्या डोळ्यांत सलू लागला होता आणि डीसीकडचे त्यांचे काम आटले. क्रिगस्टीन यांच्याबद्दल बोलताना हा प्रसंग बहुधा एका ओळीत उरकला जातो. पानावर जागा मागणारा आणि धंद्यात हक्क मागणारा हा एकच माणूस होता, हे लक्षात न घेता त्यांची चित्रे पुरती कळतील असे मला वाटत नाही.

१९५३ मध्ये ते ईसी कॉमिक्समध्ये आले. १९४७ मध्ये वडिलांच्या अपघाती निधनानंतर विल्यम गेन्स यांच्या हाती आलेली ही कंपनी १९५० पासून भयकथा, गुन्हेकथा आणि विज्ञानकथा काढत होती, आणि चित्रकाराला सही करू देणे, अंकात त्याचा परिचय छापणे या बाबतींत ती इतरांहून कितीतरी उदार होती. पण तिथेही एक अडचण होती. संपादक आणि लेखक अल फेल्डस्टीन हे गोष्ट थेट चित्रफलकावरच लिहीत. चौकटी आखून, निवेदन आणि संवाद यंत्रसाहाय्याने सुबक अक्षरांत उतरवून मग तो फलक चित्रकाराच्या हाती येत असे. म्हणजे पानावर किती चौकटी, कोणती मोठी, कोणती लहान, मजकूर कुठे, हे चित्रकाराने पेन्सिल उचलण्यापूर्वीच ठरलेले असे. फेल्डस्टीन यांचे निवेदन भरघोस असल्यामुळे चौकटीचा बराचसा वरचा भाग अक्षरांनीच व्यापलेला असे. ईसीचे इतर चित्रकार, आणि त्यांत थोर माणसे होती, उरलेल्या जागेत आपले कसब दाखवत.

क्रिगस्टीन यांना ते मान्य नव्हते. कथेचा काळ चौकटींच्या मांडणीत असतो, ती मांडणी दुसऱ्याने केली तर चित्रकाराच्या हाती केवळ सजावट उरते, अशी त्यांची धारणा होती. ती किती खरी होती हे १९५४ च्या ‘द फ्लाइंग मशीन’मध्ये दिसते. रे ब्रॅडबरी यांच्या कथेवर बेतलेल्या या चित्रकथेत प्राचीन चीनचा सम्राट कागद आणि बांबूच्या पंखांनी उडणारा माणूस पाहतो, त्या यंत्राच्या सौंदर्याने भारावतो, आणि तरीही, असे यंत्र उद्या कुणा दुष्टाच्या हाती पडेल या भयाने, त्या माणसाला देहदंड देतो. येथे क्रिगस्टीन यांची रेघ चिनी चित्रपरंपरेकडे झुकते, आकाशाला मोकळी जागा मिळते. त्याच वर्षाच्या गुन्हेकथांमध्ये हीच रेघ टोकदार आणि कोरडी होते. एकच ठरावीक शैली सगळीकडे वापरणे त्यांना पटत नसे. प्रत्येक गोष्टीला तिची रेघ असते असे ते मानत. त्यामुळे वाचकाने पाहताक्षणी ओळखावे असा त्यांचा शिक्का तयार झाला नाही, आणि त्यांच्या नावावर एखादा लोकप्रिय नायकही नव्हता. ते सर्वसामान्य वाचकाच्या स्मरणात राहिले नाहीत याची ही दोन मोठी कारणे आहेत.

‘मास्टर रेस’ची संहिता त्यांच्याकडे आली ती सहा पानांची, आणि ‘क्राइम सस्पेन्सस्टोरीज’ या ईसीच्याच गुन्हेकथांच्या अंकासाठी. ती वाचल्यावर त्यांनी गेन्स आणि फेल्डस्टीन यांच्याकडे बारा पाने मागितली. ईसीच्या अंकांत साधारणपणे चार कथांचा साचा ठरलेला होता. एका कथेला दुप्पट पाने देणे म्हणजे दुसऱ्या कथेचा बळी देणे होते. घासाघीस होऊन आठ पानांवर तडजोड झाली. मग क्रिगस्टीन यांनी कात्री घेतली. अक्षरे लिहून तयार असलेले फलक त्यांनी कापले, मजकुराच्या पट्ट्या वेगळ्या केल्या, आणि आपल्या मनातल्या मांडणीप्रमाणे त्या नव्या चौकटींवर डकवल्या. ज्या निवेदनाखाली एक चित्र अपेक्षित होते त्याच्या आधी-नंतर मजकूर नसलेल्या चौकटी शिरल्या, आणि त्या मुक्या चौकटींमध्येच फलाटावरची ती धावपळ आणि तो तोल जाणे घडते. मजकुराचा शब्दही न बदलता गोष्टीचा वेग चित्रकाराने आपल्या ताब्यात घेतला होता.

दरम्यान धंद्यावर संकट कोसळले होते. मनोविकारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांचे कॉमिक्सवर आरोप करणारे पुस्तक १९५४ मध्ये आले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या उपसमितीपुढे न्यूयॉर्कमध्ये सुनावणी झाली. सिनेटर कीफॉव्हर यांनी गेन्स यांच्यासमोर धरलेले, कापलेल्या मुंडक्याचे चित्र असलेले मुखपृष्ठ हे ‘क्राइम सस्पेन्सस्टोरीज’चेच होते. त्या शरद ऋतूत प्रकाशकांनी स्वतःच कॉमिक्स कोड ऑथॉरिटी स्थापून कडक नियमावली आणली आणि गेन्स यांनी भयकथा व गुन्हेकथांची शीर्षके बंद करून ‘इम्पॅक्ट’सारखी नवी शीर्षके काढली. ‘मास्टर रेस’ला लांबणीवर पडून ‘इम्पॅक्ट’मध्ये जागा मिळाली ती अशी. ईसीच्या या नव्या शीर्षकांच्या पहिल्या अंकांवर कोडचा शिक्का नव्हता; अनेक घाऊक विक्रेत्यांनी गठ्ठे न सोडताच परत पाठवले. ‘इम्पॅक्ट’ पाच अंकांत आटोपले. युरोपातील ज्यूंच्या संहाराबद्दल अमेरिकी लोकप्रिय माध्यमे फारसे बोलत नव्हती त्या काळात एका दहा सेंटच्या मासिकाने बेल्सेनचे नाव घेतले होते, आणि त्या मासिकाचे गठ्ठे गोदामांतून न उघडता माघारी जात होते. हे वाचताना आजही मन अस्वस्थ होते.

पुढची एक-दोन वर्षे त्यांनी प्रामुख्याने ॲटलसमध्ये काढली. तिथे मिळणाऱ्या कथा चार-पाच पानांच्या आणि बहुतेक सामान्य दर्जाच्या असत. पाने वाढवून मिळणार नाहीत हे उघड असल्याने त्यांनी उलट वाट धरली आणि आहे त्या पानाचेच इतके बारीक तुकडे केले की काही कथांमध्ये चौकटी टपाल तिकिटाएवढ्या उरल्या. गोष्टी टाकाऊ असतील, पण ती पाने पाहताना एखादा संगीतकार दोन मिनिटांच्या तबकडीत मोठा राग बसवू पाहतो आहे असे वाटते. १९५७ च्या सुमारास ॲटलसचा डोलारा कोसळला आणि क्रिगस्टीन कॉमिक्समधून बाहेर पडले. मासिकांसाठी आणि ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांसाठी त्यांनी चित्रे काढली. १९६२ मध्ये डेल कंपनीसाठी ‘एटीसेव्हन्थ प्रिसिंक्ट’ या पोलिसकथांच्या कॉमिक्सचे काम केले, आणि तिथे त्यांची कॉमिक्सची कारकीर्द संपली. त्यानंतर सुमारे वीस वर्षे ते मॅनहॅटनमधील हायस्कूल ऑफ आर्ट अँड डिझाइनमध्ये शिकवत राहिले आणि स्वतःची रंगचित्रे काढत राहिले.

त्याच १९६२ मध्ये भोब स्टुअर्ट आणि जॉन बेन्सन हे दोन तरुण वाचक त्यांची मुलाखत घ्यायला गेले. सात वर्षांपूर्वीच्या रद्दीत गेलेल्या कथांवर हा माणूस तासन्‌तास बोलू शकतो हे त्या मुलाखतीतून दिसले. दोन चौकटींच्या मध्ये जे घडते तेच आपल्याला सर्वाधिक ओढून घेते आणि वाचकाला ते पाहायलाच मिळत नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे त्यात आहे. ‘मास्टर रेस’मधील घसरणाऱ्या रायसमनच्या चिंचोळ्या चौकटींचे स्पष्टीकरण याहून नेमके होणार नाही.

ती मुलाखत आणि जुने अंक जपणारे मोजके वाचक यांच्यामुळे हे काम टिकले. विद्यार्थी असताना ‘मास्टर रेस’वर निबंध लिहिणाऱ्यांत आर्ट स्पीगलमन होते, बेन्सन आणि डेव्हिड कासाकोव्ह यांच्यासह त्यांनी तयार केलेले या कथेचे चौकटीगणिक विश्लेषण १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. छळछावणीतून वाचलेल्या आपल्या वडिलांची कहाणी चित्रकथेत सांगणाऱ्या ‘माउस’साठी १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष सन्मान मिळवणारे स्पीगलमन ते हेच. गेन्स यांनी ईसीची मूळ चित्रे फेकून न देता जपून ठेवली होती, म्हणून ‘मास्टर रेस’ पुढे चांगल्या कागदावर, स्वच्छ रेघांनिशी छापता आली. ग्रेग सादोवस्की यांचा क्रिगस्टीन यांच्या आयुष्यावरचा आणि कामावरचा भव्य ग्रंथ २००२ मध्ये निघाला. तो पाहायला क्रिगस्टीन नव्हते. ८ जानेवारी १९९० रोजी त्यांचे निधन झाले होते. मागितलेल्या बारा पानांपैकी न मिळालेल्या चार पानांत त्यांनी काय काढले असते, हा प्रश्न ती आठ पाने मिटताना दर वेळी माझ्या मनात येतो.