पिओनी: मुळीपासून फुलापर्यंत

पिओनीच्या फुलाचं आज जगभर कौतुक होतं, पण आधी ती खणली गेली मुळीसाठी. तिचं नावही ग्रीक पुराणकथांतल्या देवांच्या वैद्यावरून, पायॉनवरून आलं आहे. इ.स.पूर्व ३००च्या सुमारास थिओफ्रास्टस या ग्रीक विद्वानाने मुळ्या गोळा करणाऱ्यांची एक समजूत नोंदवली: पिओनी रात्रीच काढावी, दिवसा फळं तोडताना सुतार पक्ष्याने पाहिलं तर दृष्टी जाते. चीनमध्ये झुडपी, म्हणजे लाकडी खोडाच्या पिओनीच्या मुळीची साल आजही औषधात वापरतात.

फुलाचा खरा नाद लागला तो चीनमध्येच. तांग राजवटीत (६१८–९०७) पिओनी दरबाराची लाडकी होती. पुढे सोंग राजवटीच्या काळात लुओयांग शहर तिचं माहेरघर झालं. ओउयांग शिऊ या विद्वान अधिकाऱ्याने १०३४च्या सुमारास तिथल्या २४ वाणांची नोंद केली. त्यातली ‘वेई’ फुलाची हकीकत मला फार मोलाची वाटते. शोऊआनच्या डोंगरात एका लाकूडतोड्याला भरगच्च पाकळ्यांचं हे गुलाबी फूल दिसलं. त्याने ते झुडूप तोडून आणून वेई घराण्याला विकलं. मग ते पाहायला लोकांची रीघ लागली. माणशी दहा-बारा नाणी मोजून नावेत बसायचं आणि तळं ओलांडून फुलापाशी जायचं! त्या काळी वसंत लागताच डोंगरातली रानरोपं शहरात विकायला येत. ती वाफ्यात लावून शरद ऋतूत त्यांवर निवडक वाणाचं कलम बांधत. बागेतली ती सगळी श्रीमंती रानातल्या मुळांवर उभी होती.

१७८७ मध्ये इंग्रज निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स यांच्या खटपटीने झुडपी पिओनी लंडनजवळच्या क्यू बागेत पोचली. हिवाळ्यात जमिनीलगत वाळून जाणारी पिओनी आणि झुडपी पिओनी यांचा संकर मात्र कित्येकांना साधत नव्हता. जपानच्या तोइची इतो यांनी तो १९४८ मध्ये साधला. ती रोपं फुललेली पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं; १९५६ मध्ये ते गेले.

रानटी पिओनी अजूनही भूमध्य समुद्राभोवतीच्या डोंगरांत, कॉकेशसमध्ये, पश्चिम हिमालयात आणि अमेरिकेच्या पश्चिम भागात आढळतात. वसंतात त्यांचे तांबूस कोंब जमिनीतून वर येतात. चीनमधल्या रानटी झुडपी जाती मात्र सालीसाठी खणून आणि जंगलं तोडून दुर्मीळ झाल्या आहेत. म्हणून रानात जाणाऱ्याने कुदळ घरी ठेवावी, असं मी कळकळीने सांगेन. एक मुळी गेली की ती जागा पटकन भरून येत नाही. अनेक जातींच्या उकललेल्या शेंगेत लाल आणि निळसर काळे दाणे शेजारी शेजारी दिसतात. लाल दाणे पोकळ असतात, उगवतात ते काळेच. तेही आधी ऊब मिळाल्यावर फक्त मूळ सोडतात, मग थंडीचे महिने काढल्यावर कोंब वर येतो. पहिलं फूल दिसायला त्यानंतरही बहुधा चार-पाच वर्षं जातात.