बोर्दोची माती वेलीला चव देत नाही, ताण देते

बोर्डो मिश्रण कसं करायचं हे द्राक्ष, डाळिंब किंवा सुपारीच्या बागायतदाराला सांगावं लागत नाही. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद एका प्लास्टिकच्या भांड्यात, चुना दुसऱ्यात, मग दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत काठीनं ढवळायची. शेवटी विळ्याचं घासलेलं पातं मिनिटभर बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर द्रावणात मोकळं तांबं उरलंय, फवारलं तर पानं भाजतील. तेव्हा चुन्याची निवळी आणखी घालायची आणि पातं पुन्हा बुडवायचं.

या मिश्रणाच्या नावातलं बोर्डो म्हणजे फ्रान्सच्या नैऋत्येचं बोर्दो. तिथल्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायची पद्धत होती. निळसर डाग बघून वाटसरू द्राक्षांना हात लावत नसत. १८८२ साली डाऊनीनं, म्हणजे केवड्यानं, बागांची पानं झडली, पण या शिंपडलेल्या वेली हिरव्या राहिल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी ते हेरलं, प्रयोग केले आणि १८८५ मध्ये मिश्रण जाहीर केलं. नुसतं नीट पाहण्यातून एवढं मोठं काहीतरी हाती लागल्याची उदाहरणं शेतीच्या इतिहासात फार नाहीत.

त्याच बोर्दोच्या वाइनबद्दल मात्र एक समजूत घट्ट बसली आहे. वेलीची मुळं खोल खडकात जातात, तिथल्या दगडांची चव शोषतात आणि ती पेल्यात उतरते, असं जाणकार म्हणवणारेही सांगतात. हे खरं नाही. दगड म्हणजे बहुतांशी सिलिकेट खनिजं. ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि हवेत उडत नाहीत, म्हणजे त्यांना वासही नाही. वेलीचं मूळ दगड खात नाही, ते पाण्यात विरघळलेले आयन घेतं: पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट. गोट्यातून सुटलेला पोटॅशियम आणि खताच्या गोणीतला पोटॅशियम यांत वेलीला काहीच फरक नाही. पहिल्या पावसाचा मृद्गंध आपल्याला दगडामातीचा वाटतो, तो खरं तर जमिनीतले जिवाणू जे जिओस्मिन बनवतात त्याचा असतो. तसंच इथंही आहे. ‘ओल्या दगडाचा’ म्हणून सांगितला जाणारा वास वाइनमध्ये येऊ शकतो, पण तो बागेतल्या दगडातून आलेला नसतो.

मग मातीचा काही संबंध नाही का? आहे, आणि तो चवीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

बोर्दो विद्यापीठातले मृदाशास्त्रज्ञ जेरार सेगँ यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मेदोकच्या नामांकित बागांच्या माती तपासल्या. सामू वेगवेगळा, सेंद्रिय कर्ब वेगवेगळा, पालाश कुठं भरपूर तर कुठं नावाला. उत्तम वाइनशी जुळणारं एकही अन्नद्रव्य सापडलं नाही. सगळीकडे सारखी होती ती एकच गोष्ट: माती वेलीला पाणी कसं पुरवते. निचरा चांगला, पाणी बेताचं, आणि उन्हाळा सरकत जाईल तसं हळूहळू आटणारं.

आपल्या बागायतदारांकडे याला नेमका शब्द आहे: ताण. आंबिया बहार धरण्यासाठी विदर्भात संत्र्याच्या बागेचं पाणी डिसेंबरात तोडतात, झाड ताणावर सोडतात आणि मग ते फुलतं. बोर्दोत ताण हवा असतो, पण फुलासाठी नव्हे, शेंडा थांबवण्यासाठी. शिवाय तिथं तो माणसाच्या हातात नाही. पाऊस वर्षभर पडतो, साधारण ९०० मिलिमीटर, आणि फळावर आलेल्या बागेला पाणी देण्यावर नियमांचा कडक निर्बंध आहे. त्यामुळे नळ कधी बंद करायचा हे माती ठरवते.

वेलीत काय घडतं ते सावकाश पाहू. जूनच्या सुरुवातीला फुलोरा येतो, जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत मण्यात पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ होऊन रंग धरू लागतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. फुलोरा ते पाणी उतरणं या सात-आठ आठवड्यांत माती सुकू लागली की मुळांकडून पानांना रासायनिक निरोप जातो. यात ॲबसिसिक आम्ल या संप्रेरकाचा मोठा वाटा आहे. पर्णरंध्रं थोडी आवळतात. पण त्याच्याही आधी शेंड्याची वाढ मंदावते, कारण कोवळ्या पेशीला फुगायला आतून पाण्याचा दाब लागतो आणि तो सर्वांत आधी घटतो. सगळी खुबी इथं आहे. बेताच्या ताणात वाढ थांबते, पण पान साखर बनवतच राहतं. खाणारा शेंडा गप्प झाला की ती साखर घडाकडे वळते. पाणी मुबलक असेल तर वेल ऑगस्टमध्येही नवी पानं काढत बसते, घड सावलीत जातात, मणी फुगतात, पिकणं लांबतं.

मणीही लहान राहतो, कारण पाणी उतरण्याआधी पेशी फुगल्या नाहीत तर ते नुकसान नंतर भरून निघत नाही. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा येतो सालीतून, बीतूनही थोडा, गरातून जवळजवळ नाही. गोलाचं पृष्ठफळ भागिले घनफळ म्हणजे ६ भागिले व्यास. १५ मिलिमीटरच्या मण्यात हे गुणोत्तर ०.४ येतं, १२ मिलिमीटरच्या मण्यात ०.५. तेवढ्याच रसाला पंचवीस टक्के जास्त साल! त्यात ताणामुळे सालीतली रंगद्रव्यं बनवणारी जनुकंही जोमानं काम करतात, म्हणजे फायदा नुसत्या भूमितीचा नाही.

ताण मोजायचा कसा? एक रीत १९६५ मध्ये शास्त्रज्ञ स्कोलँडर आणि सहकाऱ्यांनी रूढ केली. रात्री पर्णरंध्रं मिटलेली असतात, त्यामुळे पहाटेपर्यंत वेलीतल्या पाण्याचा तोल मातीशी जुळतो. सूर्योदयाआधी एक पान देठासकट कापायचं, जाड भिंतीच्या धातूच्या डब्यात घालायचं, देठाचं टोक तेवढं रबरी बुचातून बाहेर ठेवायचं आणि आत नायट्रोजनचा दाब हळूहळू वाढवायचा. कापल्याक्षणी देठातलं पाणी आत ओढलं गेलेलं असतं. ठरावीक दाबाला ते देठाच्या तोंडाशी परत येतं, भिंगातून चमकणारा थेंब दिसतो. तोच दाब नोंदवायचा. २ बारपर्यंत ताण नाही, ३ ते ५ मध्ये बेताचा, ८ च्या पुढे कडक. यात एक फसगत आहे. माती एकसारखी नसेल तर पहाटेचा आकडा सर्वांत ओल्या थराशी जुळतो. एखादं मूळ ओलाव्याला टेकलं असेल तर तहानलेली वेलही तृप्त दिसते.

दुसरी रीत आणखी देखणी आहे. हवेतल्या कार्बनपैकी सुमारे १.१ टक्के कार्बन-१३ असतो, जरा जड. कार्बन पकडणारं पानातलं रुबिस्को हे विकर हलका कार्बन-१२ पसंत करतं. रंध्रं सताड उघडी असताना नको असलेला जड कार्बन परत बाहेर जातो. ताणात रंध्रं आवळली की आतला साठा तुटपुंजा होतो आणि विकराला जड कार्बनही वापरावा लागतो. म्हणजे ताणाखाली बनलेल्या साखरेत कार्बन-१३ चं प्रमाण वाढतं. पाणी उतरल्यापासून तोडणीपर्यंत मण्यात साखर साठतच असते, त्यामुळे तोडणीच्या वेळचा चमचाभर रस त्या सगळ्या आठवड्यांची रोजनिशी असतो. वस्तुमान-पंक्तिमापकात, म्हणजे जड-हलके अणू वेगळे मोजणाऱ्या यंत्रात, त्यातला कार्बन-१३ ठराविक मानकाशी ताडून हजारात किती कमी ते सांगतात. आकडा उणे २६ च्या खाली गेला तर वेलीला ताण पडलाच नाही, उणे २३ ते उणे २४.५ च्या आसपास बेताचा, उणे २१.५ च्या वर कडक. बागेत शंभर ठिकाणचा रस घेतला तर ताणाचा नकाशाच तयार होतो.

संशोधक कॉर्नेलिस व्हान लेउवेन आणि सहकाऱ्यांनी १९९६ ते २००० अशी पाच वर्षं बोर्दोच्याच साँतेमिलियों भागात द्राक्षाच्या तीन जाती तीन मातींत तपासल्या. हवामानाचा परिणाम सर्वांत मोठा निघाला, मातीचा त्याखालोखाल आणि जातीचा त्याहून कमी. हवामान आणि माती या दोघांचाही परिणाम मुख्यतः पाण्याच्याच वाटेनं पोचत होता. वाळूच्या मातीत पाण्याची पातळी मुळांच्या टप्प्यात होती, तिथं ताण नाही आणि फळ सामान्य. गोट्यांच्या आणि भारी चिकणमातीच्या जमिनीत ताण होता आणि फळ सरस.

गोट्यांचं समजतं. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या मिळून जिरोंदची खाडी होते. तिच्या डाव्या तीरावर, मेदोक आणि ग्राव्हमध्ये, नद्यांनी पिरेनीज आणि मध्य फ्रान्सच्या डोंगरांतून वाहून आणलेल्या गोट्यांच्या टेकाडांवर बागा आहेत. सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी चर खणून तिथली दलदल उपसली. गोटे पाणी धरत नाहीत, मुळं कित्येक मीटर खाली उतरतात. पण चिकणमाती तर पाणी धरून ठेवते, मग तिथं ताण कसा?

याचं उत्तर आपल्या पायाखालीच आहे. उजव्या तीरावरच्या पोमरोलमधल्या पेत्रूस बागेतली निळसर चिकणमाती स्मेक्टाइट गटातली आहे, दख्खनच्या काळ्या कापशीच्या जमिनीतली मुख्य चिकण खनिजंही त्याच गटातली. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात जमीन फुगून मिटते, ते याच्यामुळे. या खनिजाचे पापुद्रे नॅनोमीटरभर जाडीचे असतात, एका ग्रॅमचं पृष्ठफळ सातशे-आठशे चौरस मीटरपर्यंत भरतं. एवढ्या पृष्ठभागाला चिकटलेलं पाणी मूळ सोडवू शकत नाही. मुळाची ओढ साधारण १५ बारपर्यंत चालते, त्यापुढचं पाणी मातीत असूनही वेलीच्या उपयोगाचं नाही. शिवाय वरचा थर फुगला की तो बंद होतो आणि उन्हाळी पावसाचं पाणी आत न मुरता उतारानं निघून जातं. म्हणून पेत्रूसच्या टेकाडावर ताण लवकर सुरू होतो, पण हळू वाढतो आणि मध्येच मोडत नाही. नाशिककडच्या काळ्या जमिनीत हेच आपोआप घडेल असं मात्र नाही. तिथं फळ कोरड्या हंगामात वाढतं आणि ओलावा ठिबकच्या वेळापत्रकावर चालतो, त्यामुळे ताण बागायतदाराच्याच हातात राहतो.

एक गोष्ट इथंच सांगायला हवी. बोर्दोतल्या काही मोठ्या बागाही गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरतात आणि ते पाण्यात घुसळून शिंपडतात. आपल्याकडेही हा प्रयोग ‘प्राचीन’ म्हणून खपवला जातो. तो ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ मधल्या व्याख्यानांतून आला आहे. मात्रा हेक्टरी शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि हेक्टरभर जमिनीच्या वरच्या फूटभर मातीचं वजन भरतं चार हजार टन. ज्यांच्या बागा सुधारतात त्या निचरा, छाटणी आणि रोजच्या फेरीमुळे सुधारतात. श्रेय त्या मेहनतीला द्यावं, शिंगाला नाही.

जातींची वाटणीही पाणी आणि उष्णतेवरच आहे. मर्लो आठवडा-दहा दिवस आधी पिकते, म्हणून ती उजव्या तीरावरच्या थंड, ओलसर चिकणमातीत चालते. काबर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकते, तिला लवकर तापणारे गोटे लागतात. ती कच्ची राहिली तर वाइनला ढोबळ्या मिरचीचा वास येतो. तो मेथॉक्सिपायरॅझिन या संयुगाचा, आणि लिटरमागे १० ते १५ नॅनोग्रॅमही नाकाला पुरतात. मणी पिकतो, घडावर ऊन पडतं, तसं ते घटतं. काबर्ने सोव्हिन्यों ही काबर्ने फ्राँ आणि पांढऱ्या सोव्हिन्यों ब्लाँ यांची संतती असल्याचं १९९७ मध्ये डीएनए चाचणीनं सिद्ध झालं. या जाती मिसळून वाइन करण्यामागे पिकाचा विमाही आहे. फुलोऱ्यात थंडी-पाऊस आला तर मर्लोची फुलं गळतात, शरदात पाऊस आला तर काबर्ने त्याच्या तडाख्यात सापडते. दोन्ही एकाच वर्षी बुडाल्या असं क्वचित होतं.

आता दर्जाच्या याद्या. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी वाइनच्या दलालांनी एक यादी केली. त्यात मेदोकच्या लाल वाइनचे पाच दर्जे होते, ग्राव्हमधली ओ-ब्रियों ही एकच बाग बाहेरची. आधार होता बाजारभावाचा, माती कुणी खणून पाहिली नव्हती. लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों या बागा पहिल्या दर्जात, आणि १९७३ मध्ये मुतों-रोत्शिल्द दुसऱ्यातून पहिल्यात गेली. दर्जा नावाला चिकटलेला असतो, जमिनीच्या तुकड्याला नाही. शेजारची बाग विकत घेतली, त्याच अपेलासियोंमधली, म्हणजे वाइनच्या नावाच्या त्याच ठरलेल्या हद्दीतली असली, तर तिची द्राक्षंही त्याच दर्जाखाली जाऊ शकतात. फ्रान्सच्याच बुर्गोन्य या दुसऱ्या वाइन-प्रदेशात उलट आहे, तिथं दर्जा वाफ्याला असतो, आणि मला तेच अधिक रास्त वाटतं. तरी १८५५ ची यादी पुष्कळ अंशी टिकली, कारण निचऱ्याच्या टेकाडांवरच्या वाइनला शतकभर चांगला भाव मिळत आला होता आणि दलालांच्या वह्यांत तोच उतरला होता.

साँतेमिलियोंची यादी १९५५ ची, साधारण दहा वर्षांनी बदलते आणि बहुतेक वेळा कोर्टात जाते. २०२२ च्या फेरीआधी ओझोन आणि शव्हाल ब्लाँ या सर्वोच्च दर्जाच्या दोन बागा स्पर्धेतून बाहेर पडल्या. प्रसिद्धी आणि विपणन यांना नको तितके गुण दिले जातात, ही त्यांची तक्रार होती. पोमरोलमध्ये यादीच नाही. पेत्रूसची सुमारे साडेअकरा हेक्टर बाग, तिच्या निळ्या चिकणमातीसकट, आजवर कुठल्याही दर्जात बसवलेली नाही.