मुंबईतील वसंतागम

शिशिरातला कोरडा गारवा ओसरल्यापासून उन्हाळ्याचा दमट उकाडा स्थिरावेपर्यंत मुंबई आणि तिच्या उपनगरांच्या वाट्याला जो अल्पकाळ येतो, त्याला या नोंदीत वसंत म्हटले आहे. तो साधारणपणे फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च यांच्या दरम्यान पडतो. परंतु त्याचा आरंभ, त्याची लांबी आणि त्याचा शेवट यांपैकी एकही गोष्ट लागोपाठच्या दोन वर्षांत सारखी आढळत नाही, आणि पुष्कळदा तो सलग न येता तुकड्यातुकड्यांनी येतो. थंड प्रदेशांत वसंताची अनिश्चितता थंडी केव्हा संपेल या प्रश्नाशी बांधलेली असते. मुंबईत ती समुद्रावरचा वारा दिवसाच्या कोणत्या प्रहरी सुटेल या प्रश्नाशी बांधलेली आहे.

पंचांगाच्या आधारे हा आरंभ ठरवू गेल्यास अडचणी येतात. रूढ गणनेत चैत्र व वैशाख हे वसंताचे महिने मानले जातात, तर काही आयुर्वेदीय गणनांत फाल्गुन व चैत्र. ज्या तिथीच्या नावातच वसंत आहे ती वसंत पंचमी मात्र माघात, म्हणजे शिशिरात येते. शिवाय चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने आणि ही तूट अधिक मासाने भरून काढली जात असल्याने तिथी इंग्रजी तारखांच्या मानाने मागेपुढे सरकत राहतात. गुढीपाडवा २०२३ साली २२ मार्चला होता, २०२४ साली ९ एप्रिलला आणि २०२५ साली ३० मार्चला. मुंबईत मार्चचा चौथा आठवडा आणि एप्रिलचा दुसरा आठवडा यांच्या हवेत पुष्कळ अंतर असते. पहिल्यात पहाट अजून सुखद असू शकते, दुसऱ्यात घामाच्या धारा लागलेल्या असतात. संपातचलनामुळे, म्हणजे संपातबिंदू ताऱ्यांच्या मानाने हळूहळू मागे सरकत असल्यामुळे, निरयन (ताऱ्यांवर आधारलेल्या) पंचांगातील महिने सायन (संपातावर आधारलेल्या) ऋतूंच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस या गतीने पुढे सरकत आहेत, त्यामुळे चैत्र हळूहळू ग्रीष्माकडे कलतो आहे. १९५७ साली स्वीकारलेल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेत चैत्राचा पहिला दिवस २२ मार्चला, आणि लीप वर्षी २१ मार्चला, बांधून हा घोळ मिटवला आहे. पण घरोघरची गुढी आजही चांद्र तिथीनेच उभी राहते. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणात तर वसंत नावाचा ऋतूच नाही. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मोसमी पावसापूर्वीचा काळ, अशी ती विभागणी आहे.

इतरत्र वसंताची मोजमापे ठरलेली आहेत. स्वीडनमध्ये दिवसाचे सरासरी तापमान सलग सात दिवस शून्य अंश सेल्सियसच्या वर राहिले की वसंत आला असे मानतात. जपानमध्ये चेरीचा बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकताना नोंदवला जातो. क्योतो येथील बहराच्या नोंदी नवव्या शतकापर्यंत मागे जातात, आणि २०२१ साली २६ मार्चला आलेला पूर्ण बहर हा तोवरच्या साऱ्या नोंदींतला सर्वांत लवकरचा ठरला. मुंबईला यांपैकी कोणतेही माप लागू पडत नाही, कारण सांताक्रूझ येथे नोंदवले गेलेले आजवरचे नीचांकी तापमानच ७.४ अंश (२२ जानेवारी १९६२) आहे. येथे सबंध हिवाळा स्वीडनच्या वसंताहून उबदार असतो.

येथील हवेचा कल ठरवणारे दोन वारे शाळेच्या भूगोलातून प्रत्येक मराठी वाचकाच्या ओळखीचे आहेत : दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे. हिवाळ्यात मुंबईवर उत्तर व ईशान्य दिशांकडून कोरडी हवा येते. डिसेंबरच्या अखेरीपासून उत्तरेकडे सरकणारा सूर्य फेब्रुवारीपर्यंत बराच वर आलेला असतो, दख्खनचे पठार वेगाने तापते, परंतु अरबी समुद्र सावकाश तापतो आणि मार्चमध्येही तुलनेने थंड असतो. म्हणून खारा वारा सकाळी १०-११च्या सुमारास सुटला, तर कमाल तापमान ३१-३२ अंशांवर अडते, आणि संध्याकाळी चौपाटीवर खऱ्या अर्थाने वासंतिक झुळूक लाभते. पण पूर्वेकडून पठारावरची तापलेली हवा जोर धरून असली, तर ती खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच थोपवून धरते. घाट उतरताना ही हवा दाबली जाऊन आणखी तापते, आणि वारा दुपारी दोननंतर सुटला तर तोपर्यंत पारा ३८ अंशांच्या पुढे गेलेला असतो. दोन्ही दिवशी सूर्य तोच आणि समुद्रही तोच. फरक तीन-चार तासांचा. सांताक्रूझ येथील मार्चमधील ४१.७ अंशांचा उच्चांक (२८ मार्च १९५६) आणि फेब्रुवारीतील ३९.६ अंशांचा उच्चांक (२५ फेब्रुवारी १९६६) हे ध्यानात घेतले, म्हणजे वसंताच्या ऐन मध्यात ग्रीष्म किती सहज शिरू शकतो हे कळते. फेब्रुवारी २०२५च्या अखेरच्या आठवड्यात मुंबईसह कोकणाच्या काही भागांना उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला होता. किनारपट्टीवर असा इशारा देण्यासाठी कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीहून किमान ४.५ अंशांनी अधिक असावे लागते.

उलट दिशेचा धक्का पश्चिमी विक्षोभांकडून मिळतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारी ही वातप्रणाली हिमालयात बर्फ व पाऊस देऊन पुढे सरकली, की तिच्यामागून उत्तरेची गार हवा गुजरातमार्गे खाली उतरते, आणि मुंबईत सरून गेलेला गारवा दोन-चार दिवसांसाठी परततो. जो विक्षोभ श्रीनगरच्या बदामवारी या बदामांच्या बागेतला बहर लांबवतो, तोच कधी कधी मुंबईचा वसंत वाढवतो. दोन प्रदेशांचे वसंत असे एकाच धाग्याने, पण उलट्या बाजूंनी बांधलेले असावेत, ही या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणावी लागेल.

शहराच्या सर्व भागांत वसंत एकाच दिवशी येत नाही. तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या कुलाब्यात दिवस-रात्रीच्या तापमानातले अंतर कमी असते. सांताक्रूझला हिवाळ्यातली पहाट कुलाब्याहून साधारण दोन-तीन अंशांनी गार असते, आणि मार्चमधली दुपार अधिक तापते. बोरिवली, पवई, मुलुंड या डोंगर-जंगलालगतच्या भागांत पहाटेचा गारवा आणखी टिकतो, तर बदलापूर-कर्जतच्या बाजूला खारा वारा उशिरा आणि थकून पोहोचत असल्याने तिथली दुपार मुंबईच्या आधीच उन्हाळ्यात गेलेली असते. कुलाब्यात फिरणाऱ्या आणि कर्जतहून लोकलने येणाऱ्या माणसांना एकाच दिवशी दोन ऋतू भेटतात. घाटमाथ्यापलीकडे देशावर दिवस कडक आणि रात्री गार असा मामला मार्चच्या मध्यापर्यंत चालतो. मराठवाडा-विदर्भात समुद्राचा आधार नसल्याने उन्हाळा सरळ चढत जातो, परंतु तिथे वसंताला गारपिटीचे भय असते. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने राज्यातील रब्बी पिकांची मोठी हानी केली होती.

वनस्पती मात्र एका दिवसाच्या वाऱ्यावर विसंबत नाहीत. दिवसाची वाढती लांबी, वाढते तापमान आणि जमिनीतील ओलावा यांच्या मिळून येणाऱ्या परिणामानुसार त्या चालतात. त्यामुळे मुंबईत पानगळ आणि पालवी जवळजवळ एकाच वेळी दिसतात. पिंपळ फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने टाकतो आणि थोड्याच दिवसांत तांबूस पालवीने भरतो, आणि तेही एकाच गल्लीतले दोन पिंपळ एका वेळी करतील असे नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात काटेसावर, पांगारा आणि पळस पर्णहीन फांद्यांवर फुलतात, आणि मार्चमध्ये कोशिंबाची लालभडक पालवी दुरून फुलांसारखी भासते. पावसाला अजून तीन महिने असताना, पाण्याची चणचण वाढत असताना झाडांनी नवी पाने काढावीत हे प्रथमदर्शनी अनाकलनीय वाटते. पण जुनी पाने गळल्याने बाष्पोत्सर्जन थांबून खोडात पाणी साठते, आणि त्या साठ्यावर पालवी फुटते. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर विक्रोळीच्या परिसरात फुलणारा गुलाबी टॅबेबुया अलीकडे शहराच्या वसंताची खूण बनला आहे. त्याचे मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेतले असल्याने येथील ऋतूची साक्ष काढायची तर काटेसावर आणि पांगारा यांची काढणे अधिक योग्य. पक्ष्यांमध्ये तांबटाची एकसुरी टुक्-टुक् फेब्रुवारीपासून वाढते. कोकिळाची साद काव्यात वसंताशी जोडली गेली असली, तरी मुंबईत ती कावळ्यांच्या विणीच्या हंगामाशी जुळून थेट पावसापर्यंत चालते, म्हणून ऋतूचा आरंभ सांगायला तिचा उपयोग होतो, शेवट सांगायला नाही.

आंब्याचा मोहर हे मुंबईकरांचे दूरचे वेधयंत्र आहे. हापूसच्या मोहराला हिवाळ्यातल्या गार रात्री लागतात. पाऊस लांबला किंवा थंडी उशिरा पडली की कोकणात मोहर टप्प्याटप्प्याने येतो, आणि ढगाळ हवेत त्यावर तुडतुडे ही कीड व भुरी हा बुरशीचा रोग पडतो. त्यामुळे वाशीच्या बाजारातली आवक पाहून मागच्या तीन-चार महिन्यांची हवा वाचता येते.

लोकभाषेत ऋतुपालटाच्या खुणा सणांना बांधलेल्या आहेत. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, आणि ‘होळी जळाली, थंडी पळाली’. होळी २०२४ साली २४ मार्चला आणि २०२५ साली १३ मार्चला पेटली, म्हणजे थंडीला पळायला एका वर्षी अकरा दिवस अधिक मिळाले. तरीही दोन्ही वर्षी मुंबईत होळीपूर्वीच पंखे पूर्ण वेगाने फिरत होते. होळीनंतर चाळींच्या गच्च्यांवर पापड, कुरडया आणि सांडग्यांची वाळवणे पडतात, धारावीच्या कुंभारवाड्यातले माठ घरोघरी पोहोचतात, आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ व पन्हे होते. वाळवणांना कोरडे ऊन हवे असते, आणि मार्चमध्ये अचानक धरणारे मळभ ही त्यांची नेहमीची चिंता. २०२३ साली पाडव्याच्या आदल्या दिवशी, २१ मार्चला, शहरात अवकाळी पाऊस झाला आणि ज्यांची वाळवणे उघड्यावर होती त्यांना ती घाईघाईने आत घ्यावी लागली. एप्रिलमध्ये खारा वारा रोज वेळेवर सुटू लागतो, पण आता तो सोबत बाष्प आणतो, रात्रीचे तापमान २५ अंशांच्या आसपास अडून बसते, आणि पहाटे पांघरूण ओढून घेण्याची गरज उरत नाही. मुंबईतला वसंत तेथे संपतो.