बोगद्यातील रेडिओ पुनःप्रक्षेपण

रस्त्यावरच्या बोगद्यातून जाणाऱ्या वाहनांना बाहेरची रेडिओ केंद्रे आतही ऐकू यावीत, यासाठी केलेली व्यवस्था. वरवर पाहता ही करमणुकीची सोय. खरा उपयोग आग लागल्यावर कळतो.

मध्यम लहरींची लांबी सुमारे १९० ते ५७० मीटर असते. दहा-बारा मीटर रुंदीच्या भुयारात त्यांचा शिरकावच होत नाही. तोंडातून थोडे आत जाताच नुसती खरखर उरते. एफएमची लहर जेमतेम ३ मीटरची. ती आत येते, पण भिंती तिला शोषत जातात आणि वळण आले की ती संपतेच.

म्हणून बोगद्याबाहेरील अँटेनावर केंद्रे पकडून, वर्धित करून ती 'गळक्या केबल'मध्ये सोडतात. या केबलच्या बाहेरच्या धातूच्या वेष्टनाला ठरावीक अंतरावर चिरा असतात. ठिबकच्या नळीतून पाणी झिरपावे तसा संकेत त्यांतून वाटभर पाझरतो. पाझरला की तो क्षीणही होतो, त्यामुळे लांब बोगद्यात अधूनमधून वर्धक बसवावे लागतात. बाहेरच्या अँटेनाला आतलेच प्रक्षेपण ऐकू येऊ लागले, तर लाउडस्पीकरसमोर माइक धरल्यासारखी गत होते. तोंडाशी मूळ आणि पुनःप्रक्षेपित लहरी एकमेकींत मिसळून आवाज फाटतो, तो त्रास वेगळाच.

२४ मार्च १९९९ रोजी फ्रान्स आणि इटलीला जोडणाऱ्या माँ ब्लाँ बोगद्यातील आगीत ३९ जण दगावले. अशा दुर्घटनांनंतर २००४ मध्ये युरोपीय संघाने बोगदा-सुरक्षेचा निर्देश काढला. नियंत्रण कक्ष असलेल्या बोगद्यात प्रवाशांसाठी रेडिओ पुनःप्रक्षेपण होत असेल, तर ते मध्येच तोडून आपत्कालीन सूचना देता आली पाहिजे, असे त्यात आहे. मग कोणतेही पुनःप्रक्षेपित केंद्र लावलेले असो, गाणे थांबते आणि कक्षातला माणूस बोलू लागतो : इंजिन बंद करा, किल्ली गाडीतच ठेवा, बाहेर पडा. पंख्यांच्या घरघरीत आणि प्रतिध्वनीत भोंग्यावरचे शब्द नीट कळत नाहीत. गाडीतला रेडिओ मात्र कानाजवळ असतो. प्रक्षेपणासोबत वाहतूक-सूचनेचा आरडीएस संकेत (एफएमसोबत जाणारी, ऐकू न येणारी माहिती) धाडला, तर ही सोय चालू ठेवलेले संच सीडी थांबवूनही रेडिओकडे वळतात. संचच बंद असेल तर उपाय नाही.

डिजिटल रेडिओत (डॅब) अनेक केंद्रे एकाच गठ्ठ्यात येतात. सूचना घुसवायची तर गठ्ठा सोडून पुन्हा बांधावा लागतो. लहरींचा प्रतिध्वनी मात्र डॅब एफएमपेक्षा बराच सहन करतो, त्यामुळे तोंडाशी होणारी भेसळ सहसा जाणवत नाही.