यूपीव्हीसीची पडवी आणि बुरशी

साताऱ्यापासून महाबळेश्वरपर्यंत एक समज पक्का बसलाय: पडवीला यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, चौकटी नि काचा लावल्या की ओल नाही, बुरशी नाही, पुन्हा बघायलाच नको.

अर्धं खरं आहे. हे प्लॅस्टिक पाणी पीत नाही, फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. पण बुरशी चौकट खात नाही, चौकटीवरच्या धुळीवर वाढते. आणि ओल येते हवेतून. पावसाळ्यात बंद पडवीत ओले कपडे वाळत घातले की ती वाफ रात्री गार काचेवर दवासारखी जमते आणि ओघळून खाली येते. म्हणून समोरासमोर दोन खिडक्या उघडणाऱ्या हव्यातच. सगळ्या काचा पक्क्या बसवून घेऊ नका, कितीही छान दिसल्या तरी!

आमच्या पडवीत पाणी आत आलं तेव्हा मी फटी बुजवणाऱ्या सिलिकॉनला दोष दिला. खिडकी सरकते त्या खालच्या रुळात बोट फिरवलं तर मातीचा गाळ नि मेलेल्या मुंग्या. पाणी बाहेर जायची बारीक भोकं बुजली होती. झाडूच्या काडीनं मोकळी केली, पाणी गेलं.

मे अखेरीस रूळ साफ करा, रबरी पट्ट्या तपासा. पुसायला साबणाचं पाणी पुरे, थिनर अजिबात नको.