जोडीदार अमेरिकेत, तुम्ही आणि मुलं पुण्यात: इमिग्रंट व्हिसासाठी कोण पात्र, कोणते कागद, कुठून सुरुवात

माझ्या भाचीची फाइल टेबलावर पसरली तेव्हा चार कागदांवर एकाच मुलीची चार नावं होती. जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा, खाली फक्त आई-वडिलांची नावं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं पूर्ण नाव. विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर तेच नाव, पण वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. आणि पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव, शेवटी सासरचं आडनाव. नवरा अमेरिकन नागरिक, लग्न रीतसर झालेलं, त्याचा अर्जही मंजूर झालेला. तरी पुढचे सहा महिने या चार कागदांचा मेळ घालण्यात गेले. तेवढ्या काळात तिच्या लेकाने पहिलं पाऊल टाकलं, आणि बापाने ते फोनवर पाहिलं.

म्हणून सुरुवातीलाच सांगते: अमेरिकेचा फॉर्म उघडण्याआधी इथले कागद सरळ करा. पण आधी पात्रता पाहू, कारण तिथेच अनेकांची गल्लत होते.

अर्ज कोण करतं आणि कोणासाठी

बायको-मुलांसाठी अर्ज करतो तो अमेरिकेतला जोडीदार, तुम्ही नाही. तो एकतर अमेरिकन नागरिक हवा किंवा ग्रीन कार्डधारक हवा. नवरा एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असेल तर हा रस्ता त्याच्यासाठी नाही. त्याच्या बायको-मुलांना एच-४ मिळतो, तो तात्पुरता व्हिसा आहे आणि त्याची प्रक्रिया वेगळी. (बायको तिकडे आणि नवरा इकडे असला तरी नियम अगदी हेच.)

या अर्जाचं नाव आय-१३०. तो अमेरिकेच्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन सेवा विभागाकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे जातो. एप्रिल २०२४ पासून त्याची फी ऑनलाइन भरल्यास ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाला ६७५ डॉलर आहे. फी अधूनमधून बदलते, त्यामुळे भरायच्या दिवशी त्यांच्या अधिकृत साइटवरचा आकडाच धरा. जोडीदारासाठी अर्ज असेल तर सोबत आय-१३०ए हा तुमच्या माहितीचा फॉर्मही लागतो.

अर्जदार नागरिक असेल तर जोडीदार आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं यांना वर्षाच्या ठरावीक कोट्यात रांग लावावी लागत नाही. ग्रीन कार्डधारक असेल तर ती एफ२ए या गटात येतात. या गटाला वार्षिक मर्यादा आहे आणि रांगेतली तारीख कुठवर आली ते अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या दरमहा निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये कळतं.

आता मुलांचं. हा परिच्छेद दोनदा वाचा. ग्रीन कार्डधारकाने बायकोसाठी अर्ज केला तर मुलं त्याच अर्जावर आईबरोबर जाऊ शकतात. नागरिकाच्या बाबतीत तसं होत नाही. बायकोचा एक आय-१३०, आणि प्रत्येक मुलाचा स्वतंत्र आय-१३०, स्वतंत्र फीसकट. खरी अडचण येते ती मधल्या टप्प्यावर. नवऱ्याने ग्रीन कार्डवर असताना अर्ज केला, रांगेत असतानाच तो नागरिक झाला. बायकोचा अर्ज आपोआप वरच्या गटात गेला, घरात पेढे वाटले गेले. पण त्याच क्षणी तिच्या अर्जावरच्या मुलांचा आधार गेला. त्यांच्यासाठी नवे अर्ज करावे लागतात, आणि आनंदाच्या भरात हे नेमकं राहून जातं. आई व्हिसासाठी तयार आणि मूल मागे, अशी वेळ कोणावर येऊ नये.

मूल अमेरिकन नागरिकाचंच असेल तर त्याआधी आणखी एक गोष्ट तपासा: ते जन्मानेच नागरिक आहे का? लग्नाच्या जोडप्यात एकच पालक नागरिक असेल आणि मुलाच्या जन्माआधी तो एकूण ५ वर्षं अमेरिकेत प्रत्यक्ष राहिलेला असेल, त्यातली किमान २ वर्षं वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची असतील, तर मूल पुण्यात जन्मलं तरी बहुतेक वेळा नागरिकच असतं. त्याला इमिग्रंट व्हिसा नको, परदेशातल्या जन्माची नोंद आणि अमेरिकन पासपोर्ट हवा.

सावत्र मूलही पात्र ठरतं, मात्र लग्न मुलाच्या अठराव्या वाढदिवसाआधी झालेलं हवं. दुसऱ्या लग्नाच्या आणि आधीचं मूल बरोबर नेणाऱ्या आयांना मी हे मुद्दाम सांगते. मुलाच्या जन्मदात्या वडिलांची लेखी संमती किंवा ताबा आईकडे असल्याचा कोर्टाचा आदेश, आणि पहिल्या लग्नाच्या घटस्फोटाचा हुकूमनामा, हे कागद सुरुवातीपासून फाइलला लावा.

वयाचा काटा २१ चा. मूल नागरिकाचं असेल तर आय-१३० दाखल झाला त्या दिवशीचं वय धरलं जातं, मग प्रक्रियेत ते २१ ओलांडून गेलं तरी चालतं. २००२ चा बालदर्जा संरक्षण कायदा त्यासाठीच आहे. एफ२ए मध्ये हिशोब वेगळा: व्हिसा उपलब्ध झाला त्या दिवशीच्या वयातून अर्ज विभागाकडे प्रलंबित होता तो काळ वजा करतात. मूल १९-२० वर्षांचं असेल तर एक दिवसही दवडू नका, आणि तोवर त्याचं लग्न उरकू नका. लग्न झालं की ते या गटातून बाहेर पडतं.

पुण्यातल्या आयटीतल्या घरांसाठी एक आडवाट: नवऱ्याला ग्रीन कार्ड नोकरीतून मिळालं आणि लग्न त्याआधीच झालेलं असेल, तर बहुधा नवा आय-१३० करायचीच गरज नसते. बायको-मुलं मागाहून सामील होऊ शकतात. त्यासाठी आय-८२४ हा फॉर्म आहे.

कागद: माहेर, महापालिका, पासपोर्ट ऑफिस

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे संसार सिंहगड रोडला असला तरी मुलाचा जन्मदाखला मिरजेच्या किंवा बार्शीच्या पालिकेत असतो. जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते. आणि बारशाआधी हॉस्पिटलमधून नोंद गेलेली असल्याने नावाचा रकाना बऱ्याचदा कोराच राहतो. अमेरिकेला लागणाऱ्या दाखल्यावर मुलाचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि आई-वडील दोघांची नावं हवीत. तेव्हा आधी तिथे जाऊन नाव चढवून घ्या. आईचं नाव दाखल्यावर माहेरचं आहे की सासरचं, तेही बघा. सासरचं असेल आणि तिचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर जोडणारा कागद लागेल.

जन्माची नोंदच सापडत नसेल तर त्या कार्यालयाकडून 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला घ्यावा, आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला व जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडावीत. नुसता शाळेचा दाखला पुढे केला तर कागद परत येतो.

लग्नाचं म्हणाल तर कार्यालयाची पावती, पत्रिका आणि अल्बम हा पुरावा झाला, प्रमाणपत्र नव्हे. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली नोंद होते. पुणे महापालिकेच्या हद्दीत हे काम क्षेत्रीय कार्यालयात होतं. नवरा-बायको दोघांनी हजर राहावं लागतं, बरोबर तीन साक्षीदार. परदेशातून आलेल्या नवऱ्याची रजा तीन आठवड्यांची असते आणि त्यातले दोन आठवडे केळवणं, लग्न आणि देवदर्शनात जातात. नोंदणीची तारीख लग्नाच्या तारखेबरोबरच ठरवा. तो विमानात बसल्यावर हे आठवलं तर पुढच्या रजेची वाट बघावी लागते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करणार असाल तर ३० दिवसांच्या नोटिशीचा काळही धरा.

आता नावांचा मेळ. लग्नानंतर काही घरांत आडनावच नव्हे, मुलीचं पाळण्यातलं नावही बदलतात. कायद्याने काही बिघडत नाही, पण प्रत्येक बदलामागे कागद हवा. आडनाव आणि मधलं नाव बदललं तर विवाह प्रमाणपत्र पुरतं. स्वतःचं नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. स्पेलिंगचा फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. आणि व्हिसाच्या फॉर्ममध्ये 'याआधी वापरलेली नावं' विचारतात तिथे सगळी लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही. वेगळं नाव असणं हा दोष नाही, ते न सांगणं मात्र अंगाशी येतं. मी भाचीच्या वेळी एका साध्या वहीच्या पानावर तक्ता केला होता: डावीकडे कागद, उजवीकडे त्यावरचं नाव अक्षरशः जसं आहे तसं, स्पेलिंगसकट. कुठे काय सांधायचं ते त्या एका पानावर दिसलं. हे काम अर्ध्या तासाचं आहे.

पोलिसांच्या कागदात पुण्यात एक नेहमीची चूक होते. पोलीस आयुक्तालयाचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र नोकरीसाठी, सोसायटीसाठी चालतं; या व्हिसासाठी पासपोर्ट ऑफिसने दिलेलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी हवं. पासपोर्ट सेवा पोर्टलवर ५०० रुपये भरून अपॉइंटमेंट घ्यायची, मुंढव्याच्या केंद्रात जायचं, गरज पडल्यास आपल्या ठाण्यातून चौकशी होते. १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला ते लागतं. १६ व्या वर्षानंतर दुसऱ्या एखाद्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिला असाल, दुबईत नोकरी केली असेल किंवा जर्मनीत शिकला असाल, तर तिथलंही काढा. परदेशातले हे कागद यायला वेळ लागतो.

मराठी दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. त्याखाली 'मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर अचूक आहे' असं भाषांतरकाराचं सही केलेलं निवेदन हवं. मूळ दाखल्यात चूक असेल तर भाषांतरात ती सुधारू नका. मूळच दुरुस्त करा.

मंजुरीनंतर

आय-१३० मंजूर झाला की फाइल न्यू हॅम्पशायर राज्यातल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे दोन फी भरायच्या: व्हिसा मागणाऱ्या प्रत्येकाची ३२५ डॉलर, आणि आर्थिक हमीच्या छाननीची १२० डॉलर. मग प्रत्येकाचा डीएस-२६० हा ऑनलाइन फॉर्म, अगदी तान्ह्या बाळाचासुद्धा, आणि सगळे कागद स्कॅन करून चढवायचे. त्यांच्या पत्रांना वर्षभर उत्तरच दिलं नाही तर मंजूर अर्ज रद्द होऊ शकतो. घरात आजारपण किंवा अडचण असली तरी मधून एकदा लॉगिन करून ठेवा.

आर्थिक हमीचा फॉर्म आय-८६४. अर्जदाराचं उत्पन्न त्या वर्षाच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. तो, बायको आणि एक मूल असं तिघांचं कुटुंब धरलं तर २०२५ च्या आकड्यांनी वर्षाला सुमारे ३३,३१२ डॉलर होतात. कमी पडत असेल तर अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहहमीदार होऊ शकतो. मात्र ही कायद्याने बांधणारी हमी आहे. मित्राला सही मागताना ते त्याला स्पष्ट सांगा. सासऱ्यांचा कोथरूडचा फ्लॅट इथे कामाला येत नाही. नवरा सध्या तुमच्याबरोबर पुण्यातच राहत असेल, तर तो अमेरिकेत परत स्थायिक होतोय याचा पुरावा जोडावा लागतो: नोकरीचं पत्र, घराचा भाडेकरार, मुलाचा शाळाप्रवेश.

कागद पूर्ण झाले की मुलाखतीची तारीख मिळते. पुणेकरांची मुलाखत मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात. त्याआधी वैद्यकीय तपासणी, तीही फक्त दूतावासाच्या यादीतल्या डॉक्टरांकडे. घरच्या डॉक्टरांचं पत्र चालत नाही, पण त्यांच्याकडून लसींची जुनी नोंद जरूर आणा, मुलांचं लसीकरण कार्ड तर हवंच. नाहीतर घेतलेल्या लसी पुन्हा टोचून घ्याव्या लागतात.

मुलाखत सकाळची असेल तर आदल्या रात्रीच मुंबई गाठा. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला निघते, ती उपयोगाची नाही, आणि घाटातल्या गर्दीचा भरवसा कोणी देत नाही. मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा बाहेर थांबणाऱ्याच्या हाती द्या. स्कॅन चढवलेल्या प्रत्येक कागदाची मूळ प्रत, दोन इंच चौरस फोटो, लग्नाचे आणि नंतरचे एकत्र फोटो, एकमेकांकडे गेल्याची तिकिटं बरोबर असू द्या. प्रश्न साधे असतात: कसं जमलं, तो काय काम करतो, शेवटचं कधी भेटलात. माहीत आहे तेवढंच, सरळ सांगा. एखादा कागद कमी असेल तर २२१(जी) ची चिठ्ठी मिळते. तो कायमचा नकार नव्हे. मागितलेलं द्यायचं, फाइल पुढे जाते.

व्हिसा साधारण सहा महिन्यांचा असतो. निघण्याआधी प्रत्येकी २३५ डॉलर इमिग्रंट फी ऑनलाइन भरा, त्याशिवाय ग्रीन कार्ड छापलं जात नाही. १८ वर्षांखालचं मूल नागरिक पालकाकडे राहायला म्हणून या व्हिसावर उतरलं की ते कायद्याने नागरिक होतं. त्याचा पासपोर्ट लवकर काढून घ्या. जोडीदाराचं मात्र लग्नाच्या तारखेवर अवलंबून आहे. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर दोनच वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अर्ज दोघांनी मिळून करायचा असतो. व्हिसावर सीआर१, म्हणजे सशर्त कार्डाचा प्रकार, छापलेला असला तरी उतरण्याच्या दिवशी दोन वर्षं पूर्ण झाली असतील, तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याला विवाह प्रमाणपत्र दाखवून तसं सांगा. भाचीने ते पर्समध्ये वरच ठेवलं होतं, आणि तिला दहा वर्षांचं कार्ड मिळालं.